विश्लेषण : पैसे भाडेकरूचे, निर्णय सोसायटीचा, संभाजीनगरच्या टॉवरमध्ये भाडेकरूला विचारतो कोण?

छत्रपती संभाजीनगरात भाड्याने फ्लॅट शोधणारे कुटुंब भाड्याचा आकडा विचारण्याआधी एक प्रश्न विचारते : पाण्याचे काय? एजंटचे उत्तर ठरलेले असते. ‘बोअर आहे, टँकर येतो, काही अडचण नाही.’ सामान लावून झाले की हळूहळू बाकीचे कळते. बोअर उन्हाळ्याच्या तोंडाशीच दम टाकतो. टँकरचे पैसे मेंटेनन्सपेक्षा वेगळे. पिण्यासाठी जार लावावा लागतो. आणि पाणी कधी सोडणार, लिफ्ट कधी दुरुस्त होणार हे ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरते, त्यात फक्त फ्लॅटमालक आहेत.

म्हणजे सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने पाण्याची वेळ वॉचमनला विचारायची. वॉचमनने सेक्रेटरीकडे बोट दाखवायचे. सेक्रेटरीने सांगायचे, ‘तुमच्या मालकाला बोलायला सांगा.’ मालक पुण्यात किंवा परदेशात. त्याच्या नळाला पाणी असते, त्यामुळे त्याला घाई नसते.

शहरातल्या उंच इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांच्या तक्रारी वरवर पाहता वेगवेगळ्या दिसतात. कुणाला पार्किंग मिळत नाही, कुणाचे डिपॉझिट अडकते, कुणाला पाहुणे आणू देत नाहीत. त्यांच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे. इमारत चालते ती तिथे राहणाऱ्यांच्या पैशावर, आणि चालवतात ते सातबारा-इंडेक्स टूवर नाव असलेले. भाडेकरू पहिल्या गटात पूर्ण आहे आणि दुसऱ्यात अजिबात नाही.

घर बदलले, घरमालकही बदलला

गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज भागातल्या जुन्या वाड्यांत घरमालक खालीच राहायचा. तो कटकट्या असेल, रात्री दहाला फाटक लावत असेल, पण आड आटला तर त्याचाही आटायचा. सिडकोने एन-वन, एन-टू करत वसवलेल्या वसाहतींतही बैठ्या आणि एक-दोन मजली घरांचेच प्रमाण जास्त. वरचा मजला भाड्याने आणि खाली मालक, ही तिथली नेहमीची रीत. भांडण झाले तरी समोरासमोर.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, घाटी रुग्णालय यांच्यामुळे या शहरात भाडेकरूंची कधीच कमतरता नव्हती. आता त्यांना सामावून घेणारी घरे वर चढत आहेत. बीड बायपास, सातारा-देवळाई, कांचनवाडी, पडेगाव, पैठण रस्ता असा हा पट्टा आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्यातल्या जवळपास सगळ्या शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि उंच बांधकामाची वाट अधिक मोकळी झाली. राष्ट्रीय इमारत संहितेच्या लेखी तर १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ ठरते. खाली पार्किंग आणि वर पाच मजले एवढ्यावरच हा आकडा गाठला जातो. टॉवर म्हणजे वीस मजलेच असले पाहिजेत असे नाही.

यातले बरेच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात. मालक तिथे एक दिवसही राहिलेला नसतो. बाथरूमच्या नळाला कुठले पाणी येते हे त्याला माहीत नसते.

उंचीबरोबर पाणी कसे अवघड होते?

शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. जलवाहिन्या आहेत, पण वर्षानुवर्षे शहराची गरज त्यांच्या पुढे धावत राहिली. २०१९ मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेला मंजुरी मिळाली, २०२० च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झाले, नंतर तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाच्या जलवाहिनीची ही योजना रखडत राहिली, तिच्यावर खंडपीठाला देखरेख ठेवावी लागली, आणि या काळात अनेक वसाहतींत नळाला आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही उशिरा पाणी येणे नित्याचे झाले. मलिक अंबरने ज्या शहरात नहरींनी पाणी खेळवले त्याच शहरातले हे वेळापत्रक आहे. सातारा-देवळाईचा परिसर तर गेल्या दशकात महापालिकेत आला. तिथल्या इमारती बोअर आणि टँकरच्या भरवशावरच उभ्या राहिल्या.

एका मध्यम इमारतीचे गणित मांडले तर चित्र स्पष्ट होते. ६० फ्लॅट, प्रत्येकात चार माणसे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा केंद्राचा मापदंड धरला तर इमारतीला दिवसाला ३२,४०० लिटर लागतात. पाणी सहा दिवस येणार नसेल तर १ लाख ९४ हजार लिटर साठवायला हवेत. एवढी मोठी टाकी बहुतेक इमारतींत नसते. मग दहा हजार लिटरचा टँकर धरला तरी दिवसाला तीन टँकर लागतात. बोअर जितके देईल तितके यातून वजा.

बैठ्या घरातला माणूस दारात ड्रम ठेवतो, हापशावर जातो, शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावतो. सातव्या मजल्यावर यातले काहीच चालत नाही. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग मोटारीने गच्चीवरच्या टाकीत, तिथून नळाला. मोटार जळली, वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नसले किंवा कॉमन मीटरचे बिल थकले, तर खाली भरलेली टाकी असूनही वर थेंब येत नाही. त्यात लिफ्टही त्याच मीटरवर. वीस लिटरचा जार जिन्याने सात मजले चढवणाऱ्या पोऱ्याला वेगळे पैसे कोण देतो, याचा हिशेब कुठल्याच मेंटेनन्स बिलात नसतो.

म्हणजे उंच इमारतीत पाणी ही प्रत्येक घराची खासगी बाब राहत नाही. टँकर कुणाकडून घ्यायचा, किती घ्यायचे, सकाळी किती वेळ सोडायचे, खर्च फ्लॅटमागे वाटायचा की माणसांमागे, बोअरचे जड पाणी गोड पाण्यात मिसळायचे की नाही, हे सगळे सामूहिक निर्णय आहेत. त्यांचा परिणाम ज्याच्यावर रोज होतो तो या निर्णयांच्या खोलीबाहेर उभा असतो. दर महिन्याला टँकरच्या वर्गणीचा आकडा तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो. तो आकडा कसा आला हे विचारले की उत्तर येते, ‘तुम्ही मेंबर नाही.’

कायद्याच्या लेखी भाडेकरू कोण?

इथे एक गंमत आहे. टॉवरमधला बहुतेक ‘भाडेकरू’ कायद्याच्या काटेकोर अर्थाने भाडेकरू नसतोच. अकरा महिन्यांचा जो करार होतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’. म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. भाडेपट्ट्यातून मिळणारा हक्क त्यातून मिळत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातली ही कल्पना आज राज्यातल्या भाड्याच्या घरांचा मुख्य आधार झाली आहे.

मराठवाड्याचा भाडेकायदाही पूर्वी वेगळा होता. मुंबईला १९४७ चा कायदा, विदर्भाला १९४९ चा आदेश आणि मराठवाड्याला निजाम राजवटीनंतरचा १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा. हे तिन्ही मोडीत काढून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागू शकतो. मालकाची बाजू इतकी भक्कम आहे.

दुसरीकडे याच कायद्याचे कलम २९ सांगते की घरमालकाने योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सुविधा तोडू नयेत. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता ही नावे त्यात स्पष्ट आहेत. वाचायला छान. पण ‘हा लायसन्सवर राहणारा आहे, या कायद्यातला भाडेकरू नाही’ असा युक्तिवाद मालकाचा वकील करू शकतो. शिवाय कलम घरमालकाविषयी आहे. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करते ती सोसायटी.

विजेबाबत न्यायालयाने अधिक स्पष्ट भूमिका घेतली. २०२२ मध्ये ‘दिलीप विरुद्ध सतीश’ या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सुविधा असल्याचे सांगितले. घरमालकाने ना हरकत पत्र दिले नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असेही बजावले. पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी एवढे थेट बोट ठेवता येईल असे काही भाडेकरूच्या हातात नाही.

बिल्डरविरुद्ध दाद मागायची म्हटले तर रेराचे दारही बंद. रिअल इस्टेट कायद्यात ‘अ‍ॅलॉटी’ची जी व्याख्या आहे तिच्यातून भाड्याने राहणाऱ्याला नाव घेऊन वगळले आहे. लिफ्ट अर्धवट, पाण्याची जोडणी कागदावरच, तरी भाडेकरू तिथे तक्रारदार होत नाही. सहकार कायद्यानुसार मत सभासदाला. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली इमारत असेल तर तिथेही मत फ्लॅटमालकाला.

जबाबदारीची वेळ आली की मात्र त्याचे नाव येते. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात अग्निसुरक्षेची साधने चालू ठेवण्याचे बंधन मालकाबरोबर भोगवटादारावरही आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यावे लागते. आपल्या इमारतीचे प्रमाणपत्र पाहिलेला भाडेकरू शोधून सापडणार नाही. खरे तर मालकही सापडणार नाही.

नोंदणी कोण टाळतो, आणि का?

भाडेकराराची नोंदणी कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. ती करून घेणे मालकाचे काम आहे, भाडेकरूचे नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरीही शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होणारे कमी नाहीत. खर्चाचे कारण सांगितले जाते, ते पटण्यासारखे नाही. महिना १२ हजार भाडे, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरच्या मानीव व्याजाच्या पाव टक्का. ते साडेतीनशेच्या आसपास येते, पुढच्या शंभरात पूर्णांक करून चारशे. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. घरबसल्या ऑनलाइन होते. खरी अडचण वेगळी असते. नोंदणी झाली की भाड्याचे उत्पन्न कागदावर येते. वर्षाला एक लाखाच्या वर भाडे देणारा नोकरदार घरभाडे भत्त्याची सवलत मागतो तेव्हा मालकाचा पॅन द्यावा लागतो. तिथे गाडी अडते आणि ‘भाडे हजाराने कमी करतो, पण कागद नको’ असा सौदा होतो.

हा सौदा भाडेकरूला महाग पडतो. मतदार नोंदणीच्या अर्ज क्रमांक ६ सोबत पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो, नोटरीचा नाही. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणाऱ्या भाड्याच्या घरातल्या पालकांनाही नोंदणीकृत करारच मागितला जातो. हजार रुपये वाचवून मुलाच्या शाळेची जागा गमावल्याचे जूनमध्ये कळते. डिपॉझिट परत मिळवण्याचा प्रश्न आलाच. रंगकामाचे, बेसिनच्या चिरेचे, ‘क्लीनिंग’चे पैसे कापून उरलेली रक्कम हातावर ठेवली जाते. डिपॉझिटची कमाल मर्यादा दोन महिन्यांचे भाडे असावी, हे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात आहे. घरात येण्याआधी मालकाने २४ तास आधी कळवावे, हेही त्यात आहे. पण तो आदर्श मसुदा आहे. महाराष्ट्रात १९९९ चा कायदाच चालतो, आणि त्यात डिपॉझिटला अशी मर्यादा नाही.

‘फॅमिलीच पाहिजे’

शहरात बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून शिकायला आणि नोकरीला येणाऱ्या तरुणांची संख्या मोठी. त्यांना सोसायटीच्या फाटकावरच उत्तर मिळते : बॅचलर नको. मुली असतील तर ‘येणारे-जाणारे’ मोजले जातात. वाळूजची दुसरी पाळी करून मध्यरात्रीनंतर परतणाऱ्याला वॉचमन नोंदवहीत वेळ लिहायला लावतो. विवाहित असण्याची अट भाडेकायद्यात नाही, सहकार कायद्यातही नाही. ती सर्वसाधारण सभेच्या ठरावात असते. कधी तर ठरावही नसतो, नुसती चेअरमनची पद्धत असते.

आडनाव ऐकून ‘फ्लॅट कालच गेला’ असे सांगणे हा याहून जुना प्रकार. या शहरात मुस्लिम आणि दलित कुटुंबांना त्याचा अनुभव नवा नाही. नकार फोनवर येतो, कागदावर कधीच येत नाही, त्यामुळे दादही मागता येत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांच्या वापराबाबत भेदभावाला मनाई आहे, पण खासगी घर भाड्याने देण्याचा थेट उल्लेख नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. त्या निकालाच्या आडून अनेक सोसायट्या मनमानीला नियम म्हणतात. तो निकाल नोंदलेल्या उपविधीबद्दल होता, चेअरमनच्या मर्जीबद्दल नव्हता, हे सांगणारे सभेत कुणी नसते.

सोसायटीची बाजूही आहे

सोसायटीचे पदाधिकारी बिनपगारी काम करतात, हे मान्य करायला हवे. भाडेकरू वर्षात बदलतो, मेंटेनन्स मालक भरत नाही, फोन उचलत नाही, आणि टँकरवाल्याला रोख द्यावी लागते. अशा वेळी थकबाकीदार फ्लॅटचे पाणी तोडण्याचा मोह होतो. पण थकबाकी मालकाची, तहान भाडेकरूची. वसुलीसाठी निबंधकाकडून वसुली दाखला मिळवण्याचा मार्ग सहकार कायद्यात आहे. तो सावकाश चालतो, म्हणून व्हॉल्व्हचा जवळचा मार्ग धरला जातो. हे समर्थनीय नाही.

भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा आदेश कायम ठेवला. म्हणजे सेवाशुल्क दीड हजार असेल तर दीडशे रुपये. आदेश गृहनिर्माण सहकारी संस्थांसाठी आहे. प्रत्यक्षात ‘भाडेकरू शुल्क’, ‘शिफ्टिंग चार्ज’, ‘लिफ्ट वापर’ अशी नवनवी नावे निघतात आणि ती वसूल होतात थेट भाडेकरूकडून.

मतदानाचा हक्क भाडेकरूला द्या, अशी मागणी इथे करण्याची गरज नाही. इमारतीचा पुनर्विकास, गच्चीची मालकी, निधीची गुंतवणूक हे मालकांचे विषय आहेत आणि राहावेत. पण पाणी, लिफ्ट, फाटक आणि कचरा हे राहणाऱ्यांचे विषय आहेत. एवढ्या चार विषयांपुरते भाडेकरूंना बैठकीला बोलावण्यास कायद्याची आडकाठी नाही. टँकर किती आले, कुणाकडून आले, दर काय आणि वाटणी कशी केली, हा महिन्याचा कागद नोटीस बोर्डावर लावायला ठरावाचीही गरज नाही. ज्या ग्रुपवर ‘आज पाणी दुपारी सुटेल’ असा निरोप जातो त्यात मालकाऐवजी राहणाऱ्याचा नंबर टाकायला दोन मिनिटे पुरतात.

उरलेले काम करारात होऊ शकते. ऑनलाइन करारात ठरावीक मसुद्याखाली जादा अटी लिहिता येतात, आणि तिथे आज बहुधा भिंतीला खिळा मारू नये असे लिहिलेले असते. टँकरची वर्गणी कोण भरणार, मालकाने मेंटेनन्स थकवले आणि त्यामुळे सुविधा बंद झाली तर भाडेकरूने थकबाकी परस्पर भरून भाड्यातून वजा करावी का, लिफ्ट किती दिवस बंद राहिली तर भाडे कमी होणार, डिपॉझिट किती दिवसांत आणि कुठल्या कपातीसह परत मिळणार. ही चार वाक्ये सही करण्याआधी मागणारा भाडेकरू मालकाला आगाऊ वाटतो. पण घर रिकामे ठेवण्यापेक्षा ती लिहून देणे मालकाला स्वस्त पडते.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. टँकरचा वर्षभराचा हिशेब त्याच सभेत येतो, ‘किरकोळ व इतर खर्च’ या रकान्यात.